पोर्तुगालचा पासपोर्ट आणि मसोलीची वाडी



खरे तर या वेळी चिकूच्या बी पोखरणाऱ्या अळीबद्दल लिहायचे ठरवले होते. पण ती अळी पुढच्या खेपेवर ठेवतो आणि आज एका वेगळ्याच विषयावर चार गोष्टी सांगतो. कारण घडले ते असे.

पावसाळा उघडत आला होता. मसोलीतल्या एका बागायतदारांच्या वाडीत मी गेलो होतो. वाडी जुनी, वडिलांच्या हातची. फांद्या एकमेकींत शिरलेल्या, बुंध्यापर्यंत ऊन पोचत नव्हते. छाटणी कशी करावी यावर बोलणे झाले, ओसरीवर चहा आला, आणि मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, वाडीतला एक एकर काढून टाकावा म्हणतो. गिऱ्हाईक आहे."

मी चमकलो. या घराला कर्ज नाही, आजारपण नाही. मग एकर कशापायी? हळूहळू सगळे बाहेर आले. थोरली लेक दमणला दिली आहे. जावई तिकडे प्लास्टिकच्या कारखान्यात फिटर. जावयाचे आजोबा पोर्तुगीज अमदानीत दमणला जन्मलेले. कोणा दलालाने सांगितले, की आजोबांच्या जन्मनोंदीवर नातवाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो. तो हातात पडला की व्हिसा नको, परवाना नको. विमानात बसायचे, इंग्लंडला उतरायचे आणि पौंडात पगार घ्यायचा. या सगळ्याचा खर्च त्याने मोठा सांगितला होता. जावयाने सासऱ्याकडे पैसे मागितले नव्हते. पण लेकीच्या तोंडून अर्धे वाक्य निघाले आणि बापाने मनातल्या मनात एका एकराचा हिशेब मांडला.

"तुम्ही शिकलेले आहात. विकू का?"

मी शेतीखात्यातला माणूस. खताची मात्रा विचारा, उभ्या उभ्या सांगेन. पासपोर्टाचे मला काय ठाऊक? म्हटले, "पंधरा दिवस थांबा. तोवर कोणाचा इसार घेऊ नका." मग जाणत्यांना विचारले, कायद्याची पुस्तके चाळली. बोर्डीपासून चिंचणीपर्यंत आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांच्या सोयरिकी उंबरगाव, नारगोळ, दमणपर्यंत पोचल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न एका ओसरीपुरता नाही. म्हणून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

दमणला मिळते, मग डहाणूला का नाही?

आपण म्हणाल, डहाणूही कधीकाळी पोर्तुगीजांकडेच होते ना! होते. सोळाव्या शतकापासून सुमारे २०० वर्षे हा किनारा त्यांच्या ताब्यात होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली डहाणू, तारापूर, वसई ही ठाणी मराठ्यांकडे आली. दमण मात्र १५५९ पासून पोर्तुगीजांकडे होते, ते थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिले. गोवा, दमण आणि दीव त्याच सुमारास मुक्त झाले.

पुढे दोन सरकारांनी एकाच माणसाची दोन दप्तरांत नोंद केली. भारत सरकारने १९६२ साली खास आदेश काढला. त्यानुसार, ज्यांचा स्वतःचा किंवा ज्यांच्या आईवडिलांचा अथवा आजी-आजोबांचा जन्म तिथे २० डिसेंबर १९६१ पूर्वी झालेला होता, ते भारताचे नागरिक ठरले. ज्यांनी महिन्याच्या आत आपले दुसरे नागरिकत्व ठेवतो असे लेखी कळवले, तेवढे वगळले गेले. पोर्तुगालने ही मुक्ती बरीच वर्षे मानली नाही. तिथली राजवट १९७४ साली बदलली, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दोन्ही देशांचा करार झाला आणि पोर्तुगालने या भागांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पण तिथे जन्मलेल्या माणसांना आपले नागरिक म्हणून ओळखायची तरतूद पोर्तुगालने आपल्या कायद्यात ठेवली. मुलांना आणि नातवंडांनाही ठरलेल्या अटींवर तो मार्ग मोकळा राहिला.

एकाच गटाचे दोन सातबारे निघावेत, तसे हे झाले. आजोबांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती दप्तरात चढवायची, मग बापाची, मग आपली. साखळीतली प्रत्येक कडी जुळली की पासपोर्ट. मसोलीच्या मुलाचे पणजोबा कितीही मागे गेले तरी त्यांना ही कडी नाही. दमणच्या जावयाला आहे.

मुक्त संचार म्हणजे नेमके काय?

आता त्या पासपोर्टात एवढे काय आहे ते पाहू. हे समजायला युरोपात जायला नको, तलासरीच्या नाक्यावर उभे राहिले तरी पुरे. दिवाळी झाली की आपल्या भागातली किती माणसे वीटभट्टीवर, बोटीवर, उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कामाला जातात! राज्याची हद्द ओलांडताना त्यांना कोणी परवाना विचारत नाही. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक भारतीय नागरिकाला देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहून स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. ऑगस्ट २०१९ पासून तर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत एकीकडचे रेशनकार्ड दुसरीकडे चालवण्याची सोयही सुरू झाली.

युरोपातल्या देशांनी आपसात असेच काहीसे केले. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी त्यांच्या संघटनेत गेला. १९९२ साली मास्ट्रिख्ट या गावी झालेल्या कराराने सभासद देशांच्या प्रत्येक नागरिकाला 'युरोपीय नागरिकत्व' मिळाले. आज या संघात २७ देश आहेत. त्यांपैकी एकाचा नागरिक दुसऱ्या देशात पहिले तीन महिने नुसत्या पासपोर्टावर किंवा ओळखपत्रावर राहू शकतो. त्यापुढे राहायचे तर नोकरी हवी, नाहीतर स्वतःचा धंदा, शिक्षण, किंवा कोणावर भार न पडता राहण्याइतका पैसा. असा पाच वर्षे सलग राहिला की त्याला कायमचे राहण्याचा हक्क मिळतो. बायको, एकवीस वर्षांखालची मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांनाही त्याच्यासोबत राहता येते, मग ते स्वतः युरोपचे नागरिक नसले तरी. कामाच्या ठिकाणी त्याला स्थानिक माणसाइतकीच मजुरी आणि तेच नियम.

म्हणजे जो पासपोर्ट एके काळी फक्त पोर्तुगालच्या कामाचा होता, तो साऱ्या युरोपची किल्ली झाला. गोव्यातली कितीतरी कुटुंबे या किल्लीने इंग्लंडमधल्या स्विंडन शहरी गेली, दमण-दीवची लेस्टरला गेली. कारखान्यांत, गोदामांत, इस्पितळांत राबली, पोरे शिकवली, गावाकडे घरे बांधली. त्यांच्या कष्टाला कोणी नावे ठेवू नयेत. पोटासाठी माणूस हलतोच. आपला चिकू तरी इथला कुठे आहे? तो मूळचा मेक्सिकोकडचा. १८९८ च्या सुमारास तो घोलवडला लागला. इराणातून आलेल्या कुटुंबांनी या पट्ट्यात वाड्या उभ्या केल्या, आणि आज त्याला 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून सरकारदरबारी भौगोलिक मानांकन आहे.

दार उघडते, तसे बंदही होते

आता मुख्य मुद्दा. दलालाने जावयाला इंग्लंड सांगितले. पण ते दार लागून गेले आहे.

इंग्लंडमध्ये २३ जून २०१६ रोजी जनमत घेतले गेले आणि बहुमत युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने झाले. ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश बाहेर पडला. ३१ डिसेंबर २०२० ला मुक्त संचार थांबला. त्या दिवसापर्यंत जे तिथे राहायला गेले होते, त्यांना राहण्याचा हक्क टिकवण्यासाठी अर्ज करायला ३० जून २०२१ ही मुदत होती. पाच वर्षे पुरी झालेल्यांना कायमचा दर्जा, त्याहून कमी झालेल्यांना तात्पुरता. त्यानंतर नव्याने जाणारा पोर्तुगालचा पासपोर्टवाला आणि मसोलीचा भारतीय पासपोर्टवाला, इंग्लंडमध्ये नोकरीसाठी दोघांनाही कामाचा व्हिसाच काढावा लागतो.

त्याच जून २०२१ मध्ये मानांकन मिळालेला आपला डहाणू-घोलवडचा चिकू इंग्लंडला रवाना झाला होता. चिकूला दार उघडले, त्याच महिन्यात माणसांच्या अर्जाची खिडकी बंद झाली.

आणि हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. १९६२ पर्यंत भारताच्या नागरिकाला राष्ट्रकुलातला म्हणून इंग्लंडमध्ये जाऊन राहायला परवाना लागत नव्हता. त्या वर्षी तिथे कायदा झाला आणि जुलैपासून ती वाट अडली. दोन्ही वेळा दार उघडणारे तेच आणि लावणारेही तेच. ज्याच्या घराचे दार, त्याच्या हातात कडी. जाणाऱ्याला कोणी विचारत नाही.

पोर्तुगालचा पासपोर्ट म्हणून निकामी झाला असे मात्र नाही. पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी, आयर्लंड ही दारे त्याने आजही उघडतात. पण इंग्रजीवर निभाव लागेल असे देश आता आयर्लंड आणि छोटासा माल्टा एवढेच. बाकी ठिकाणी तिथली भाषा शिकल्याशिवाय फिटरला फिटरचे काम मिळणे कठीण. लेस्टरला आपले शेजारी-पाजारी होते, देऊळ होते, गुजराती बोलणारा दुकानदार होता. लिस्बनला नवख्या माणसाला सगळे नव्याने उभे करावे लागेल.

मुलींच्या आयांना इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. "मुलगा इंग्लंडला असतो, पोर्तुगीज पासपोर्ट आहे, मुलगी लगेच नेईल," असे स्थळ आले तर भुलू नका. नवराबायकोचे नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असेल तर गोष्ट वेगळी. त्यानंतरच्या लग्नात मुलीला तिकडच्या कुटुंब-व्हिसाचे नियम लागतात, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यासाठी वर्षाच्या मिळकतीची अट २९,००० पौंडांवर नेली गेली. म्हणजे त्या वेळच्या दराने आपल्या तीस लाख रुपयांच्या आसपास. मुलाचा पगार आणि तिथे राहण्याचा त्याचा दर्जा यांचा कागद पाहिल्याशिवाय सुपारी फोडू नये.

"परत यायचे झाले तर?"

पंधरा दिवसांनी मी पुन्हा मसोलीला गेलो. व्याही दमणहून आले होते, जावईही आला होता. मी वरची सगळी हकीकत सांगितली. इंग्लंडचे ऐकून जावयाचा चेहरा उतरला. दलालाने हे सांगितलेच नव्हते. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दारात उभ्या असलेल्या घरच्या बाई म्हणाल्या, "जायचे काय ते तुम्ही ठरवाल. पण पुढे कधी परत यायचे झाले, तर कोणत्या कागदावर यायचे?"

सगळ्या बैठकीत हाच प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर नीट समजून घ्या.

भारताचा कायदा एका वेळी दोन नागरिकत्वे मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमानुसार, आपखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. मग भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदार यादीत नाव ठेवता येत नाही. "एक पासपोर्ट खिशात, एक पेटीत," असे करणारा गुन्ह्यात सापडतो. काही जण म्हणतात, लिस्बनला नुसती जन्मनोंद करून ठेवू, पासपोर्टाचे पुढे बघू. तेही निर्धास्त समजू नका. गोव्यात अशा नोंदींवरून आमदारांच्या नागरिकत्वापर्यंत वाद गेले आहेत.

त्यानंतर परतीसाठी ओसीआय नावाचे कार्ड मिळू शकते. ही सोय २००५ पासून आहे. त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते, राहता येते. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरीचा हक्क राहत नाही. सरकारला ठरलेल्या कारणांसाठी ते रद्दही करता येते. नागरिकाला घटनेने हक्क दिलेला असतो, कार्डवाल्याला सरकारने सवलत दिलेली असते. या दोहोंतला फरक शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. मालकाची वहिवाट वेगळी आणि शेजाऱ्याने दिलेली वाट वेगळी. पुन्हा भारताचा नागरिक होण्याचा मार्ग आहे, पण लांबचा आहे. ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद, अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य, आणि तिकडचे नागरिकत्व सोडण्याची तयारी.

आता जमिनीचे. ओसीआय कार्डवाल्याला घर किंवा फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन आणि बागायत विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते, आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. शिवाय आपल्या राज्यात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. घराण्याचा शेवटचा सातबारा गेला की पुढच्या पिढीने शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणायचा? आदिवासी बांधवांच्या जमिनीला तर कायद्याचे वेगळे संरक्षण आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. ते संरक्षण पैशाच्या घाईत कोणी कागद फिरवून मोडू नये.

जायचेच असेल तर

जाऊ नका असे मी म्हणत नाही. ज्याच्या हातात कसब आहे आणि ज्याचे कागद खरे आहेत, त्याने जरूर जावे. पण घरात बसून या पाच गोष्टींची उत्तरे आधी कागदावर लिहून काढा.

१. कोणता देश, कोणते काम, कोणती भाषा? "युरोप" हे उत्तर चालणार नाही. देशाचे नाव आणि मालकाचे लेखी पत्र हवे.

२. आजोबा, वडील, मुलगा यांची नावे सगळ्या दाखल्यांवर एकसारखी आहेत का? एका अक्षराच्या फरकाने वर्षे जातात. दाखला "तयार करून देतो" म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या बाहेर ठेवा. मूळ कागद दलालाच्या हाती देऊ नका. नियम बदलत असतात, तेव्हा चालू नियम पोर्तुगालच्या पणजी येथील वाणिज्य दूतावासातून खात्री करून घ्या.

३. नागरिकत्व कोणाचे बदलणार? नवऱ्याने पोर्तुगालचे घेतले म्हणून बायकोचे भारतीय नागरिकत्व आपोआप जात नाही. ती भारतीय राहूनही कुटुंबीय म्हणून त्याच्यासोबत युरोपात राहू शकते. घरातल्या एकाचे तरी मूळ इथे घट्ट राहावे.

४. पैसा कुठून? पगारातून, शिलकीतून, सोसेल एवढ्या कर्जातून. जमिनीतून नको. चिकूचे कलम लावल्यापासून चांगले उत्पन्न हाती यायला किती वर्षे जातात ते तुम्हीच जाणता. विकलेला एकर पुन्हा तसा उभा राहत नाही.

५. परतीची वाट कोणती? या प्रश्नाचे उत्तर जाण्याच्या दिवसाआधी तयार असावे.

त्या दिवशी मसोलीच्या ओसरीवर शेवटी असे ठरले. जावयाने आजोबांचे आणि वडिलांचे दाखले स्वतः गोळा करून ताडून पाहायचे, पण आयर्लंडच्या एखाद्या कारखान्याचे लेखी पत्र हातात आल्याशिवाय लिस्बनला कागद पाठवायचा नाही. गेला तर आधी एकटा जाईल. लेक आपला भारतीय पासपोर्ट काढून ठेवेल आणि बोलावणे आले की जाईल. खर्च जावई आणि व्याही उचलतील. व्याही स्वतःच म्हणाले, "सुनेच्या माहेरची वाडी विकून आमचा पोरगा परदेशी गेला, असे लोकांनी म्हणायला नको."

जावयाने निघताना सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "जावईबापू, खुशाल जा. वाडी इथेच आहे. चिकू खायला तरी याल ना?"

मग आम्ही दोघे वाडीत गेलो. गिऱ्हाइकाला दाखवायचा म्हणून ज्या एकराभोवती त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या, त्या त्यांनी स्वतः उपटल्या आणि मला म्हणाले, "साहेब, छाटणीचे मघाशी राहिले. कोणत्या फांद्या काढायच्या ते दाखवा."

अळीबद्दल पुढच्या खेपेस लिहितो.